७८ च्या वेगालाही फिरणारं टर्नटेबल: ऑडिओ-टेक्निका एलपी१२०एक्स, पुण्यातल्या हॉलमध्ये

घरच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) रेकॉर्ड असतील तर बाजारातल्या बहुतेक नव्या टर्नटेबलांच्या जाहिराती वाचायची गरजच नाही. ती ३३ आणि ४५ एवढेच वेग देतात. पुण्यात हा मुद्दा गौण नाही. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर, अब्दुल करीम खाँ यांचा जो आवाज आपल्याकडे राहिला त्यातला बराचसा तीन-साडेतीन मिनिटांच्या लाखेच्या तबकड्यांवर आहे, आणि नातवंडांना नेमका आता, पहिले दोन-चार पगार हातात आल्यावर, 'व्हायनल'चा, म्हणजे प्लास्टिकच्या रेकॉर्डचा, नाद लागलाय. ऑडिओ-टेक्निकाचं एटी-एलपी१२०एक्सयूएसबी हे यंत्र या दोन्ही टोकांना पुरतं. म्हणूनच हा लेख त्याच्यावर. त्याच्यापेक्षा देखणी टर्नटेबलं पुष्कळ आहेत.

आधी एक स्पष्ट सांगायला हवं. व्हायनलचा आवाज डिजिटलपेक्षा आपोआप चांगला असतो या समजुतीवर पैसे घालू नका. नव्यानं दाबलेल्या अनेक एलपी (३३ च्या वेगाच्या मोठ्या रेकॉर्ड) डिजिटल मास्टरवरूनच बनतात, आणि चांगल्या डॅकमधून (डिजिटल फाइलचा आवाज करणाऱ्या पेटीतून) येणारी साधी सीडी-दर्जाची फाइल खरखर, घरघर या बाबतींत एलपीला सहज मागं टाकते. हा छंद हातानं करायचा आहे. ज्याला पाणसळ, स्क्रूड्रायव्हर आणि सोनाराचा काटा घेऊन बसायला मजा येते, त्याच्यासाठी हे यंत्र. ज्याला नुसतं बटण दाबून पडायचंय त्यानं याच कंपनीचं एलपी६०एक्स घ्यावं. ते पट्ट्यावर चालतं, आर्म (सुईचा दांडा) आपोआप जातो-येतो, सुईचा भार कारखान्यातच ठरलेला असतो. पण त्यात कार्ट्रिज (सुई धरणारा, तिच्या थरथरीची वीज करणारा भाग) बदलता येत नाही आणि ७८ चा वेगही नाही. पुढं जायची वाट तिथंच संपते.

एलपी१२०एक्स साधारण ८ किलोचं आहे. मोटर थेट रेकॉर्डच्या ताटाखाली बसते, मध्ये पट्टा नाही, त्यामुळे दोन-तीन वर्षांनी पट्टा सैल पडून गाणं लोळायला लागायचा प्रश्न नाही. ताट ओतीव ॲल्युमिनियमचं, आर्म इंग्रजी एसच्या वळणाचा, हेडशेल (आर्मच्या टोकाची, कार्ट्रिज बसवायची डबी) पिळून काढता-लावता येणारं. मोटर डीसी आहे, तेव्हा वीज ५० हर्ट्झची आहे की ६० ची याचा वेगाशी संबंध नाही. परदेशातून भावानं आणलेलं यंत्रही इथं योग्य वेगानंच फिरतं. ३३ आणि ४५ ची बटणं वेगवेगळी आहेत. दोन्ही एकदम दाबली की ७८. सोबत एटी-व्हीएम९५ई हे हिरव्या सुईचं कार्ट्रिज येतं, आणि या किमतीत खरी कमाई तीच आहे. त्याचं अंग तेच ठेवून पुढची सुई नुसती ओढून काढायची आणि वरच्या प्रतीची बसवायची, अशी सगळी मालिका आहे. अगदी ७८ ची जाड सुईसुद्धा त्याच अंगावर बसते.

कागदावरचे आकडे मात्र बेताचे आहेत. वेगातली थरथर ०.२ टक्क्यांच्या आत, सिग्नल आणि खरखरीतलं अंतर ५० डेसिबलच्या वर, एवढंच कंपनी सांगते. त्याच पैशांत पट्ट्यावरचं एखादं युरोपी यंत्र आर्मच्या दर्जात वरचढ ठरू शकतं. रेगाच्या प्लॅनर १ वर शांत आलाप ऐकायला नक्कीच बरं वाटेल. पण तिथं ३३ वरून ४५ वर जायलाही ताट उचलून पट्टा सरकवावा लागतो, आणि ७८ नाहीच.

आता जोडणी. नव्या मुलांचा आवाज बिघडतो तो दहापैकी आठ वेळा इथं, यंत्रात दोष नसताना.

पहिली गोष्ट पाया. सोसायटीतल्या फ्लॅटची मोझेक किंवा व्हिट्रिफाइड फरशी यासाठी उत्तम. पेठेतल्या जुन्या वाड्यात लाकडी तक्तपोशीच्या मजल्यावर राहत असाल तर पावलागणिक सुई उडी मारेल. तिथं स्टँड जमिनीवर ठेवूच नका, दगडी भिंतीत ब्रॅकेट ठोकून फळी लावा. फळीवर किंवा टीव्ही युनिटवर दीड-दोन फुटी कडप्प्याचा तुकडा, त्याच्याखाली चार कोपऱ्यांना जाड रबराचे तुकडे. स्वयंपाकघराचे ओटे बसवणाऱ्याकडे कापून उरलेला तुकडा मिळतो, आणि परदेशी 'आयसोलेशन प्लॅटफॉर्म'च्या नावाखाली जे विकलं जातं त्याचं काम तो बऱ्यापैकी करतो. मग गवंड्याची पाणसळ ताटावर आडवी आणि उभी ठेवून पाय फिरवत समतल करा. स्पीकर त्याच फळीवर ठेवायचे नाहीत. तबल्याच्या डग्ग्याची घुमार फळीतून सुईत जाते, सुईतून ॲम्पमध्ये (ॲम्प्लिफायरमध्ये), ॲम्पमधून पुन्हा स्पीकरमध्ये, आणि आवाज वाढवला की 'हूं' असा चढता गुंजारव सुरू होतो. लोक याला ॲम्पचा दोष समजतात.

दुसरी गोष्ट सुईचा भार. या कार्ट्रिजला २ ग्रॅम हवेत, १.८ ते २.२ चालतात. सुईचं झाकण काढा. अँटी-स्केटची (आर्मची आतल्या बाजूची ओढ रोखणारी) चकती शून्यावर. आर्म ताटाच्या बाहेर हवेत सोडून मागचं वजन फिरवत राहा, तो आडवा तरंगेपर्यंत. मग आर्म कडीत अडकवा आणि वजन न हलवता फक्त त्याच्या पुढची आकड्यांची चकती शून्यावर आणा. आता अख्खं वजन पुढं सरकेल असं फिरवा, चकती त्याच्याबरोबर फिरून २ वर येईल. अँटी-स्केटही २ वर. इथं होणारी चूक ठरलेली: शेवटच्या पायरीला नुसती चकती फिरवली जाते, वजन जागेवरच. आकडा २ दिसतो, सुईवर भार शून्य, आणि सुई रेकॉर्डवरून बर्फावरून सटकल्यासारखी जाते. दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती लक्षात येत नाही: 'रेकॉर्ड झिजू नये' म्हणून भार दीड ग्रॅमवर ठेवणे. कमी भाराची सुई खाचेच्या भिंतींवर आपटत जाते आणि भिंती फोडते. दोन ग्रॅमची सुई नीट टेकून गेली तर त्यापेक्षा कमी इजा करते.

चकतीवर भरवसा न ठेवता ०.०१ ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा घ्या. त्यातही एक मेख आहे. स्वस्त काट्यांची वाटी लोखंडी असते आणि कार्ट्रिजमध्ये चुंबक असतं. ते वाटीकडे ओढलं जातं आणि काटा भलताच आकडा दाखवतो. सुई काट्याजवळ नेताना ती शेवटच्या दोन मिलिमीटरला 'चटकन' खाली ओढली गेली, तर तो काटा परत करा. मोजताना काट्याची वाटी रेकॉर्डच्या पातळीला असावी. दोन इंच वर ठेवून मोजलं तर आकडा बदलतो.

तिसरी गोष्ट कार्ट्रिजची दिशा. कारखान्यातून ते हेडशेलमध्ये बसवूनच येतं, बरेचदा ठीकही असतं, पण तपासल्याशिवाय सोडू नका. कागदी प्रोट्रॅक्टर (कोन तपासायचा तक्ता) छापा, छपाई '१०० टक्के' मापात झाली आहे ना हे पट्टीनं बघा, आणि मध्यापासून ६६ मिमी आणि १२०.९ मिमी या दोन बिंदूंवर सुई ठेवून कार्ट्रिजची बाजू जाळीच्या रेषांना समांतर येते का पाहा. येत नसेल तर हेडशेलचे दोन स्क्रू सैल करून पुढं-मागं सरकवा. मागच्या चार बारीक तारांना चिमटा लावताना जपून: पांढरी डावी धन, निळी डावी ऋण, लाल उजवी धन, हिरवी उजवी ऋण. एक सुटली की एका बाजूचा आवाज जातो किंवा घरघर सुरू होते.

एवढा खटाटोप शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यानं तर करायलाच हवा, आणि त्याचं कारण मजेशीर आहे. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून खाच सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर जाते. आतल्या टोकाला, लेबलजवळ, फक्त २१. तेवढ्याच सेकंदाचं गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. पाश्चात्त्य पॉपच्या एलपीवर शेवटचं गाणं बरेचदा हळूवार असतं, म्हणून खपून जातं. आपल्याकडे एका बाजूला एक राग: बाहेरच्या मोकळ्या जागेत संथ विलंबित, आणि आतल्या चिंचोळ्या जागेत द्रुत, सपाट ताना, तराणा. जिथं खाचेत सगळ्यात जास्त गडबड, तिथंच सगळ्यात कमी जागा. तिरपं बसलेलं कार्ट्रिज पहिली पंधरा मिनिटं काही कळू देत नाही आणि तानांना 'स', 'श' फाटायला लागतात. दुकानात टर्नटेबल ऐकायला गेलात तर विक्रेत्याला सुई शेवटच्या पाच मिनिटांवर ठेवायला सांगा. पहिल्या दोन मिनिटांत सगळीच यंत्रं चांगली वाजतात.

हिरव्या सुईची मर्यादाही इथंच उघडी पडते. ती लंबगोल टोकाची आहे, कंपनी तिचं आयुष्य सुमारे ३०० तास सांगते. रोज एक एलपी, म्हणजे पाऊण तास, धरलं तर वर्ष-सव्वा वर्ष. ती झिजली की पुन्हा हिरवी घेऊ नका, लाल रंगाची एटी-व्हीएमएन९५एमएल घ्या. टोक खाच कापणाऱ्या हत्याराच्या आकाराजवळ जाणारं, आतल्या खाचांत ती बरीच सावरून चालते, आणि आयुष्य कंपनीच्याच म्हणण्यानुसार १००० तास. किंमत जास्त वाटते. तासाच्या हिशेबानं बघितली की वाटत नाही.

मागं एक छोटा खटका आहे: फोनो आणि लाइन. रेकॉर्डवर खर्ज मुद्दाम दाबून आणि वरचे स्वर वाढवून कोरलेले असतात. वाजवताना ते उलटं करावं लागतं. १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल वाढ, २० किलोहर्ट्झला तेवढीच घट. हे काम फोनो प्रीॲम्पचं. यंत्रात एक अंगचाच आहे. खटका 'लाइन'वर असेल तर तार ॲम्पच्या ऑक्समध्ये किंवा पॉवर्ड (अंगचा ॲम्प असलेल्या) स्पीकरमध्ये. 'फोनो'वर असेल तर ॲम्पच्या फोनो खाचेत. कुठंच प्रीॲम्प लागला नाही तर आवाज मच्छराएवढा आणि किनरा. दोन्हीकडे प्रीॲम्प लागला तर बेसुमार मोठा, खर्जानं घुमणारा आणि फाटका. 'नवीन टर्नटेबल खराब निघालं' या तक्रारीत हे दोन प्रकार कायम असतात.

अंगचा प्रीॲम्प सुरुवातीला चालवून घ्या. तो कामचलाऊ आहे. तंबोऱ्याच्या मागं थोडी हवा ऐकू येते, आणि दोन तंबोरे वेगळे करून ऐकावेत एवढी सफाई त्याच्यात नाही. पण पहिल्या सहा महिन्यांत तो बदलायची घाई नको. आधी स्पीकर. एकूण शंभर रुपयांतले पन्नास स्पीकरला, वीस ॲम्पला, तीस टर्नटेबलला, असं आमचं गणित. ज्या खोलीत हे ऐकायचं तिचं काय? दहा बाय बाराचा हॉल, गुळगुळीत टाइल, काचेचं सरकतं दार: टाळी वाजवून बघा, 'टिंग' असं परतून येतं. जमिनीवर जाड सतरंजी, दारावर जाड पडदा, स्पीकरसमोरच्या भिंतीवर आजीची गोधडी. फुकटात एवढा फरक कुठलीच केबल पाडत नाही. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर, भिंतीपासून निदान दीड फूट पुढं, दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण, पेटीतला वरचा छोटा स्पीकर (ट्वीटर) कानाच्या उंचीला.

घरघरीबद्दल. यंत्राचा ॲडॉप्टर बाहेरचा आहे, मागं अर्थिंगचा एक स्क्रू आहे. बाहेरचा प्रीॲम्प वापरत असाल तर तिथून तार ॲम्पच्या अर्थ स्क्रूला जोडा. जोडल्यावरही राहिली तर क्रमानं बघा: ॲम्पचं थ्री-पिन ज्या सॉकेटमध्ये आहे त्याला खरंच अर्थ आहे का (भाड्याच्या जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं), आरसीए केबल (टर्नटेबलपासून ॲम्पपर्यंतची आवाजाची तार) पॉवरच्या तारेला गुंडाळलेली आहे का, वायफायचा राउटर टर्नटेबलला चिकटून आहे का. आरसीए केबल, पिना, फेराइटचे मणी हे सगळं पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत मिळतं, आणि चांगली तांब्याची, नीट डाग दिलेली एक मीटरची केबल पुरे आहे. लांब केबल उलट नको. या कार्ट्रिजला तारेची विद्युतधारिता (कपॅसिटन्स) फार झालेली मानवत नाही, वरचे स्वर कर्कश होतात.

आता ७८. इथं हिरवी सुई अजिबात लावायची नाही. एलपीची खाच बारीक. १९४८ मध्ये कोलंबियानं ती आणली तेव्हा तिला 'मायक्रोग्रूव्ह' नावच मिळालं. एलपीच्या सुईचं टोक ०.०१८ मिमीच्या आसपास, ७८ ला लागतं ०.०७६. बारीक सुई जाड खाचेत टाकली की ती भिंतींना न टेकता तळाशी लोळते, तिथला कचरा वाचते, आणि लाखेत मिसळलेल्या दगडाच्या भुकटीवर स्वतः घासली जाते. व्हीएमएन९५एसपी ही ७८ ची सुई स्वतंत्र घ्या, पाकिटावर लिहिलेला भार द्या. खरं तर दुसरं हेडशेल आणि दुसरं कार्ट्रिज करून ठेवणं सोयीचं. पिळून बदललं की झालं. मात्र भार दर वेळी नव्यानं लावावा लागतो, तो विसरला की हिरव्या सुईवर भलताच दाब बसतो.

सगळ्या ७८ खरोखर ७८ ला मुद्रित झालेल्या नाहीत. जुन्या काळच्या काही हळू, काही जलद. यंत्राच्या उजवीकडच्या सरकत्या पट्टीनं वेग ८ टक्के कमी-जास्त होतो, म्हणजे ७२ पासून ८४ पर्यंत. एक अर्धस्वर म्हणजे सुमारे ६ टक्के, तेव्हा काळी एकचा गायक पांढरी दोनला पोचवायला एवढी पट्टी पुरते. घरी पेटी असेल तर षड्ज धरून, आणि गायकाची पट्टी माहीत असेल तर तिच्याशी जुळवून वेग ठरवा. नाटकातल्या पदांत मागं ऑर्गन असतो. तो स्वरात आणला की बहुधा गळाही आपल्या वयावर येतो. हा आनंद ३३-४५ वाल्यांना नाही.

दोन गोष्टी आणखी. ७८ मोनो आहेत, तेव्हा ॲम्पवर मोनोचं बटण असेल तर दाबा. दोन्ही बाजू एकत्र झाल्या की वर-खाली होणाऱ्या सुईची बरीच खरखर एकमेकींना काटते. आणि आजची वर सांगितलेली वाढ-घट १९५४ नंतर रुळली. त्याआधीच्या तबकड्यांना ती लागू नाही, त्यामुळे आवाज दुलई पांघरल्यासारखा येतो. यूएसबीनं लॅपटॉपवर उतरवून ऑडॅसिटीत (आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये) योग्य वक्ररेषा लावली की उजळतो. यूएसबी १६ बिट, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ एवढंच देतं. ७८ साठी ते भरपूर झालं.

बुधवार-रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात ७८ बघायला जाणार असाल तर टॉर्च न्या. तबकडी तिरपी धरून उजेड टाका. खाचा काळ्या आणि चकचकीत असतील तर घ्या. करड्या, मळकट दिसत असतील तर पोलादी सुयांनी त्या खाऊन टाकल्यात, धुऊन काही होत नाही. पोलादी सुई एका बाजूला एक वापरायची असते. बहुतेक घरांत ती महिनाभर चालवत. मधल्या भोकात बोट घालून कडेला नखानं हलकेच टिचकी मारा: टणक नाद आला तर अखंड, बद्द वाजली तर केसाएवढी चीर आहे. कडेचा टवका खाचेपर्यंत गेला नसेल तर चालतो.

धुताना लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल लावायचं नाही, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेनं, लेबल कोरडं, लगेच पुसून उभी वाळवा. एलपीला पाण्यात थोडं आयसोप्रोपिल चालतं. जुलै-ऑगस्टमध्ये कागदी पाकिटांना बुरशी येते आणि तीच खाचांत उतरते. पावसाळ्याआधी पाकिटं बदला, रेकॉर्ड उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. मार्च ते मे उलट त्रास: कोरड्या हवेत सोबत आलेली नमद्याची चकती विजेनं रेकॉर्डला चिकटून वर येते. रबराची घ्या, जाडी वाढली तर आर्मची उंची तेवढीच वर करा.

यंत्राची खोड एक, ती माहीत असावी. सगळं हातानं आहे. बाजू संपली की सुई शेवटच्या खाचेत फिरत राहते, आर्म उचलला जात नाही. रात्री भैरवी ऐकत डोळा लागणाऱ्यांची सुई सकाळपर्यंत झिजते. वीज गेली तर आधी क्यू लिव्हरनं (आर्म उचलायच्या छोट्या दांडीनं) आर्म उचला, मग इन्व्हर्टरचा विचार.

आणि खोका फेकू नका, आतल्या थर्माकोलसकट माळ्यावर टाका. अकरा महिन्यांचा करार संपून कोथरूडहून बाणेरला जायची वेळ आली की ताट, हेडशेल आणि मागचं वजन काढायचं, आर्म कडीत अडकवून वरून सुती दोरा बांधायचा, आणि टेंपोत न टाकता मांडीवर घेऊन जायचं.